चष्म्याच्या काउंटरमागून: ऑप्टिशियनच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडमधल्या एका चष्म्याच्या दुकानात मी २००४ पासून काउंटरमागे उभी आहे. दर जूनमध्ये बारावी झालेली दोन-चार पोरं-पोरी येऊन विचारतात, "ताई, या लाइनमध्ये काय असतं?" कधी त्यांचे आईवडीलही सोबत असतात. प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. मधेमधे गिऱ्हाइकांचेही प्रश्न घुसलेत, कारण काउंटरवर उभं राहायचं तर त्यांची उत्तरंही यायलाच हवीत.

डोळ्यांचे डॉक्टर, ऑप्टोमेट्रिस्ट आणि ऑप्टिशियन, तिघांत फरक काय?

डॉक्टर डोळ्याचा आजार बघतात, औषध देतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन करतात. ऑप्टोमेट्रिस्ट नजर तपासून नंबर काढतो आणि कुठे गडबड दिसली तर डॉक्टरांकडे धाडतो. ऑप्टिशियनच्या हातात तो नंबराचा कागद येतो. कागदापासून गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंतचं सगळं काम त्याचं: फ्रेम ठरवणं, काच ठरवणं, मापं घेणं, लॅबला जॉब (काच बनवायचं काम) पाठवणं, तयार होऊन आलेला चष्मा तपासणं आणि चेहऱ्यावर बसवून देणं.

गोंधळ होतो कारण आपल्याकडे गावातला "चष्मेवाला" तिघांपैकी दीड काम तरी करतोच. ब्रिटनमध्ये डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन हा वेगळा, नोंदणी असलेला व्यवसाय आहे. तिथे १९५८ च्या कायद्यानं जनरल ऑप्टिकल कौन्सिल स्थापन झालं आणि सोळा वर्षांखालच्या मुलाचा चष्मा नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीशिवाय देता येत नाही. आपल्याकडे नुसता चष्मा बसवून देणाऱ्यासाठी अशी नोंदणी नाही. मला विचाराल तर असायला हवी होती.

मग शिकायचं काय आणि कुठे?

बारावी सायन्स करून बी. ऑप्टोम. (ऑप्टोमेट्रिस्टची पदवी) करा, जमत असेल तर. चार वर्षांचा कोर्स आहे, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुण्यात भारती विद्यापीठात होतो, मुंबईत जुहूला लोटस कॉलेज आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश झाला आहे, त्यामुळे यापुढे पदवीला वजन येणार.

चार वर्षांची फी झेपत नसेल तर छोटे डिप्लोमेही असतात. प्रवेश घेण्याआधी एवढंच विचारा: लेन्सोमीटर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) प्रत्येकाच्या हातात देता का, आणि फिटिंगचं काम स्वतः करायला मिळतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर फी वाया.

मी स्वतः दुकानातच शिकले, पदवी नाही. आज तो रस्ता मी कुणाला सुचवत नाही. वीस वर्षं हातानं काम केल्यावरही कोणी "हे असंच का?" विचारलं की अजून कधी कधी अडते.

पहिल्या वर्षी काय करावं लागतं?

फ्रेमा पुसायच्या. हसू नका. रोज दीड-दोनशे फ्रेमा हाताखालून गेल्या की डोळे मिटून सांगता येतं ही शेल (प्लास्टिकची) आहे, ही मेटल, ही सुप्रा (काच खालून तारेनं धरणारी), हिचा स्प्रिंग सैल झालाय. काडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या आठवड्यात हे तोंडपाठ व्हायला हवं.

त्यानंतर स्क्रू, नोजपॅड, सुप्राची तार. मग लेन्सोमीटर. पण त्याच्याही आधी आमचे फिटर काका मला हातानं नंबर ओळखायला लावायचे. काच डोळ्यासमोर धरायची, समोरच्या खिडकीच्या चौकटीकडे बघायचं आणि काच हळूहळू हलवायची. चौकट काचेबरोबर सरकली तर मायनस, उलटी सरकली तर प्लस. काच गोल फिरवल्यावर चौकट कात्रीसारखी तिरकी झाली तर आत सिलिंडर (एकाच दिशेत लागणारा नंबर) आहे. वीज गेल्यावर हे कामाला येतं, आणि मशीन चुकीचं बोलत असेल तर तेही यातच पकडलं जातं.

चष्मा सरळ करणं शिकायला मात्र वर्षही कमी पडतं. नियम सोपा आहे. एका बाजूची काच चेहऱ्याच्या जास्त जवळ असेल तर त्या बाजूची काडी आत घ्यायची, लांब असेल तर बाहेर. चष्म्याची एक बाजू वर चढली असेल तर त्याच बाजूची काडी वर वाकवायची. म्हणजे आत तर आत, वर तर वर. नवीन मुलं हमखास उलटं करतात, कारण मनाला उलटंच पटतं. शिवाय बऱ्याच जणांचे दोन कान एका पातळीत नसतात. अशा माणसासाठी टेबलावर सरळ बसणारी फ्रेम चेहऱ्यावर वाकडीच दिसणार. टेबलाचं ऐकायचं नाही, चेहऱ्याचं ऐकायचं.

पीडी, पीडी म्हणतात ते काय?

दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. मोठ्या माणसात साधारण ६३ मिलिमीटर धरतात, पण ५४ चेही भेटतात नि ७४ चेही. काचेचा मध्य बाहुलीसमोर यावा म्हणून हे माप. नाक नेमकं मधोमध असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक डोळ्याचं नाकाच्या मध्यापासूनचं माप वेगळं घ्यायचं. एक बाजू ३० आणि दुसरी ३३ हे नेहमीचं आहे. जवळचं बघताना डोळे आत वळतात, तेव्हा पीडी साधारण तीन मिलिमीटरनं कमी होते.

पट्टीनं घेताना गिऱ्हाइकाच्या समोर, डोळ्याच्या पातळीत, हातभर अंतरावर बसायचं. माझा उजवा डोळा मिटून त्याला माझ्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगायचं आणि शून्य लावायचा. मग डावा मिटून उजव्याकडे. पट्टी हलू द्यायची नाही. उभ्याउभ्या, वरून वाकून घेतलेली पीडी मी मान्य करत नाही, घेणारा माझा मालक असला तरी.

चष्म्याच्या दुकानात गणित कशाला लागतं?

रोज लागतं, पण आठवीच्या पलीकडचं नाही.

डॉक्टर एका पद्धतीनं लिहितात, लॅब दुसऱ्या पद्धतीनं मागते. प्लस १ स्फिअर (सगळ्या दिशांना सारखा नंबर), मायनस २ सिलिंडर, ९० अॅक्सिस (सिलिंडरची दिशा, अंशांत), हेच मायनस १ स्फिअर, प्लस २ सिलिंडर, १८० अॅक्सिस असंही लिहिता येतं. दोन्ही आकड्यांची बेरीज करायची, सिलिंडरचं चिन्ह बदलायचं, अॅक्सिस ९० नं फिरवायची. काच तीच. गिऱ्हाईक दोन कागद घेऊन "एकानं प्लस सांगितला, एकानं मायनस" म्हणत घाबरून येतं, तेव्हा हे कागदावर करून दाखवलं की त्याचा जीव भांड्यात पडतो.

दुसरं गणित काचेचा मध्य चुकण्याचं. सेंटिमीटरमधली चूक गुणिले नंबर, म्हणजे किती प्रिझम (प्रकाश एका बाजूला वळवणारा परिणाम) तयार झाला ते. मायनस ६ च्या काचेत मध्य तीन मिलिमीटर सरकला तर ०.३ गुणिले ६, एका डोळ्यात १.८. दोन्हीकडे बाहेर सरकला तर ३.६. एवढा प्रिझम डोळ्यांना दिवसभर बाहेरच्या बाजूला ओढत राहतो, आणि डोळ्यांना आत वळायची सवय असते, बाहेर नाही. संध्याकाळी डोकं ठणकतं. अर्ध्या नंबराच्या माणसाला हीच चूक कळतही नाही. म्हणून मोठ्या नंबराचा जॉब आला की मी पीडी दोनदा घेते.

नंबर बरोबर आहे, तरी "चष्मा लागत नाही" म्हणून गिऱ्हाईक परत आलं तर?

या कामाचा खरा गाभा हा. आधी खुर्ची द्यायची. मग जुना चष्मा मागायचा, कारण निम्मी उत्तरं त्यात असतात.

मग क्रमानं: नवी काच लेन्सोमीटरवर धरून कागदाशी जुळवायची. उजवी-डावी अदलाबदल झाली नाही ना ते बघायचं. अॅक्सिस बघायची. काचेचे मध्य खूण करून पीडीशी ताडायचे. मग फ्रेम चेहऱ्यावर कशी बसली आहे ते बाजूनं बघायचं. फ्रेमचा खालचा भाग गालाकडे थोडा झुकलेला हवा, साधारण ८ ते १२ अंश. आणि काच डोळ्यापासून किती लांब आहे? मायनस १० ची काच तपासणीच्या फ्रेमपेक्षा पाच मिलिमीटर पुढे बसली, तर माणसाला जवळजवळ अर्धा नंबर कमी मिळतो. नंबर चारच्या वर गेला की हे अंतर विसरून चालत नाही.

एक निवृत्त गुरुजी तीनदा परत आले होते. मोठा प्लस नंबर, बदल जेमतेम, काच अचूक, पीडी अचूक. तरी "पेपर वाचता येत नाही". तिसऱ्या खेपेला त्यांनी जुना चष्मा लावून दाखवला. तो पार नाकाच्या शेंड्यावर! प्लसची काच डोळ्यापासून लांब नेली की तिचा जोर थोडा वाढतो. गुरुजींनी नंबर वाढला तसा चष्मा खाली सरकवत नेला होता, आणि मी नवा चष्मा नोजपॅड आवळून नीट वर बसवला होता. आमच्या दृष्टीनं उत्तम फिटिंग, त्यांच्या दृष्टीनं अक्षरं पुसट. जवळचा नंबर पुन्हा तपासून घेतला, पाव वाढवला, गुरुजी खूश. तेव्हापासून मी नवीन माप घेण्याआधी जुना चष्मा "जसा रोज घालता तसा" घालायला सांगते.

सिलिंडर नवा आला असेल किंवा त्याची अॅक्सिस बदलली असेल तर जमीन तिरकी दिसते, पायरी उंच वाटते. अशांना आठ-दहा दिवस सलग वापरायला सांगायचं, पण आधी सगळं तपासून झाल्यावरच. "सवय होईल" हे वाक्य आपली चूक झाकायला वापरणारे लोक पाहिलेत मी. आमचीही चूक होते. झाली की नवीन काच आमच्या खर्चानं, आणि तसं तोंडानं सांगायचं.

चाळिशी लागलेल्याला बायफोकल द्यायचा की प्रोग्रेसिव्ह?

तो दिवसभर काय करतो ते विचारल्याशिवाय उत्तर नाही. नंबराच्या कागदावर वाचनाचं अंतर साधारण चाळीस सेंटिमीटर धरलेलं असतं. सोनाराचं काम वीस-पंचवीसवर. शिलाई मशीन त्याहून लांब. पारायणाला बसणाऱ्या बाईंची पोथी चौरंगावर असते, म्हणजे साठच्या पुढे. पेटीवाल्याला समोरची वहीही दिसायला हवी आणि गाणाऱ्याचा चेहराही. अंतर मीटरमध्ये घेऊन एकला त्यानं भागलं की जोर निघतो: चाळीस सेंटिमीटरला अडीच, पन्नासला दोन. पोथीवालीला अडीचची काच दिली तर ती पोथीवर वाकणार नि पाठ दुखवून घेणार. अशा वेळी सरळ तपासणाऱ्याला फोन करायचा.

बायफोकल म्हणजे खाली टिकली असलेली काच, गोल टिकलीची क्रिप्टॉक किंवा सपाट डोक्याची डी. टिकलीची वरची कड खालच्या पापणीच्या काठाशी आणायची. ज्यांनी वीस वर्षं हीच वापरली आहे त्यांना उगाच प्रोग्रेसिव्हच्या वाटेला लावू नये, असं माझं मत आहे. शेतात बांधावरून, धक्क्यावरून चालणाऱ्याला मात्र टिकलीतून पायाखालचं पुसट दिसतं, तेव्हा टिकली जरा खाली ठेवायची.

प्रोग्रेसिव्ह काच १९५९ मध्ये फ्रान्समध्ये आली, बर्नार मेतनाझ या इंजिनिअरची व्हॅरिलक्स. वर लांबचं, मधे कॉम्प्युटरचं, खाली वाचायचं, आणि मधे रेघ नाही. पण दोन्ही बाजूंना धूसर पट्टे असतात. ते कितीही महाग काचेत पूर्ण जात नाहीत, फक्त कमी होतात. हे पैसे घेण्याआधी सांगायचं. "बाजूला बघायचं तर नाक वळवा" असं मी हातानं करून दाखवते.

यात माप चुकलं तर सगळंच चुकलं. फ्रेम आधी चेहऱ्यावर पक्की बसवायची, मगच डेमो काचेवर (फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर) बाहुलीच्या मध्यावर पेननं खूण करायची. आधी खूण आणि मग फिटिंग केलं तर ती खूण कचऱ्यात टाका. बाहुलीपासून खाली काचेत जागा किती हवी ते डिझाइनवर असतं, बहुधा १४ ते १८ मिलिमीटर. अरुंद फ्रेममध्ये वाचायचा भाग कापलाच जातो. जॉब परत आला की काचेवर शाईच्या खुणा असतात, त्या बाहुलीशी जुळतात का बघितल्याशिवाय पुसू नका. पुसल्याच असतील तर काचेवर तोंडाची वाफ द्या आणि उजेडासमोर तिरकी धरा: ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरीव खुणा दिसतील. त्यावरून सगळी आखणी पुन्हा करता येते. कुणीतरी पहिल्यांदा दाखवतं तेव्हा जादू वाटते.

काच जाड दिसू नये म्हणून काय सुचवायचं?

सगळे आधी महाग पातळ काच मागतात. मी आधी फ्रेम बदलायला सांगते. मायनस ६ आणि पीडी ६० असलेल्या मुलीनं ५४-१८ ची फ्रेम उचलली, तर दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ७२. प्रत्येक काच सहा मिलिमीटर आत सरकवावी लागते आणि बाहेरची कड जाड होते. तिलाच ४६-१८ ची गोलसर फ्रेम द्या, काच दोनच मिलिमीटर सरकते. फुकटात पातळ झाली.

मग काच. साध्या फायबरचा इंडेक्स (काच प्रकाश किती वळवते तो आकडा) १.५, पुढे १.६, १.६७, १.७४. आकडा वाढला की काच पातळ होते, पण चमकही वाढते. कोटिंग नसलेली साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण ८ टक्के प्रकाश परतवते, १.६७ ची १२ च्या आसपास. म्हणून पातळ काचेला एआर (चमक कमी करणारं) कोटिंग हवंच. पॉली, म्हणजे पॉलीकार्बोनेट, मजबूत, पण मोठ्या नंबरात कडेनं बघताना रंगांची झालर दिसते. कोणाला खटकते, कोणाला नाही.

ब्लू कट खरंच लागतं का?

ब्लू कट म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच. डोळ्यांवरचा ताण कमी होतो म्हणून ती विकू नका. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात तसा फायदा दिसला नाही. मागून घेतलं तर द्यावं, काचेत किंचित पिवळसरपणा येतो ते सांगून. स्क्रीनवर डोळे चुरचुरणाऱ्याला पापण्या लवत राहा आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघा, एवढं सांगितलं तरी पुरे. याचं बिल होत नाही, म्हणून मालक कधी कधी माझ्याकडे रोखून बघतात.

लहान मुलाचा चष्मा करताना वेगळं काय?

नंबर काढणाऱ्या मशीनच्या कागदावर कधीच करायचा नाही. मुलाचा डोळा मशीनमध्ये बघताना जोर लावतो आणि नसलेला मायनस छापून येतो. डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलेलाच नंबर हवा. काच पॉलीकार्बोनेट, फुटायची भीती कमी. मुलाचं नाक बसकं असतं, चष्मा घसरतो आणि पोरगं काचेच्या वरून बघायला लागतं. मग सगळा खर्च वायफळ. आळशी डोळ्यासाठी चांगला डोळा झाकायची पट्टी चालू असेल तर आठवड्यानं नुसतं फिटिंग बघायला बोलवा. फ्रेमचा रंग मुलाला निवडू द्या, आईला नाही.

डॉक्टरांकडे कधी पाठवायचं?

डोळ्यात विजा चमकल्यासारखं, अचानक काळे ठिपके, पडदा आल्यासारखं, एकाएकी दोन-दोन दिसणं, लाल डोळा नि दुखणं: चष्म्याची गोष्टच काढायची नाही, त्याच दिवशी पाठवायचं.

दोन गोष्टी मात्र गोड वेशात येतात. आजोबा सांगतात, "आता बिनचष्म्याचं वाचता येतं!" घरचे कौतुक करतात. बहुतेकदा तो मोतीबिंदू पिकत चाललेला असतो, त्यानं नंबर मायनसकडे सरकतो. दुसरी, दोन महिन्यांत नंबर एकानं बदललेला पन्नाशीचा माणूस. साखर कधी तपासली होती, ते विचारा. साखर वर-खाली होते तसा नंबरही होतो. ती स्थिर होईपर्यंत चष्मा करू नका, करून दिलात तर महिन्यात तो निरुपयोगी होईल आणि दोष तुम्हाला लागेल.

काचेवर भेगांची जाळी आली, कोटिंग खराब होतं का?

होतं उन्हानं. स्कूटरच्या डिक्कीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला असणार. मे महिन्यात असे रोज येतात. आणि पदरानं, शर्टाच्या टोकानं कोरडं पुसणं बंद. आधी पाणी, साबणाचा थेंब, मग मऊ कापड.

काड्यांवर हिरवं साठतं ते घाम आणि फ्रेमच्या धातूतलं तांबं. कातडीला खाज येत असेल तर टायटॅनियम किंवा शेल द्या.

पैसे मिळतात का?

सुरुवातीला कमी. मोठ्या साखळी दुकानांत पगार बरा, पण महिन्याचं टार्गेट डोक्यावर. छोट्या दुकानात उलट. पदवी असेल आणि नजर तपासता येत असेल तर कुठेही बोलणी करता येतात. स्वतःचं दुकान काढायचं तर आधी पाच वर्षं दुसऱ्याच्या चुका बघा. हिशेबासाठी एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर जीएसटी ५ टक्के आहे. जुना दर लावलेली बिलं मी नंतरही पाहिली आहेत.

आणि हो, दिवसभर उभं राहावं लागतं. चप्पल चांगली घ्या.

ऑनलाइन किंवा दुसरीकडे घेतलेला चष्मा सरळ करून देता का?

देतो. स्क्रू, नोजपॅड, काडीचा बाक, याचे पैसे घेत नाही. मालकांना पटायला वेळ लागला. फक्त शेल फ्रेम गरम करण्याआधी सांगते, "जुनी आहे, मोडली तर माझ्याकडे बदली मिळणार नाही, करू का?" हो म्हणाले तरच हीटर लावते. काम झाल्यावर चष्मा पुसून हातात द्यायचा नाही, त्यांच्या चेहऱ्यावर स्वतः चढवायचा, मान खाली घालायला सांगायची आणि घसरतो का ते बघायचं.